सदतीस टाचण्या

कॉफीचा रिकामा डबा, लाल, झाकणाला पोचा. हलवला की आत खुळखुळतं.

*

"धातू दिसला की काढून टाका. कापड, कागद आणि फोटो कधीही एकत्र ठेवू नका." एका पातळ पिवळ्या पुस्तिकेतलं पान चार.

*

विकणे आहे: दोन खोल्यांचं घर, मागे सफरचंदाची तीन झाडं. पियानो उचलून नेणाऱ्याला फुकट.

*

मला चौथीत हस्ताक्षरात 'क' मिळाला होता.

*

"हा निळा बघ, हिटी. इथल्या मुली याला वादळी निळा म्हणतात. धुतला की अर्धा उतरतो, मग नुसती झुळूक राहते."

*

जेवताना टेबलावर कोपर टेकायचं नाही. हा नियम आमच्या भागात निदान दोनशे वर्षं जुना असावा.

*

तळघरातलं ओल शोषणारं यंत्र तासातून एकदा ढेकर दिल्यासारखा आवाज करतं. नवखी माणसं दचकतात.

*

मिसेस पेल्टन दचकल्या नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी तो लाल डबा छातीशी धरून त्या जिना उतरून आल्या, यंत्राने ढेकर दिली, आणि त्या म्हणाल्या, "अजून हेच यंत्र?"

आमचं इतिहास मंडळ गावच्या वाचनालयाच्या तळघरात आहे. मंगळवारी आणि शनिवारी उघडं असतं. पगारी माणूस एकच, तेही अर्धवेळ: मी, ग्वेन. बाकी सगळे हौसेने येतात. मिसेस पेल्टनसुद्धा एके काळी अशाच हौसेने यायच्या. पण गावात त्यांची ओळख वेगळी. चाळीस वर्षं त्यांनी चौथीचा वर्ग शिकवला, त्यामुळे अर्ध्या गावाचं अक्षर सारखं आहे. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत. चौदा ऑक्टोबरला सामान नेणारा ट्रक येणार होता, आणि त्या लेकीकडे, ॲरिझोनाला, कायमच्या जाणार होत्या.

"ग्वेन, हात धुतलेस?"

"धुतले, मिसेस पेल्टन."

"आता तरी मला इर्मा म्हण. अठ्ठावन्न वर्षांची घोडी झालीस."

"जमत नाही."

"प्रयत्न केलास कधी?"

"गाडीत एकटी असताना केला. तोंडातून आवाज निघाला नाही."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत टाचण्या होत्या. जुन्या, जाड, वाकड्या; बहुतेक गंजून तपकिरी झालेल्या, काही पितळी, हिरवट पडलेल्या.

"ग्रिडली पत्रांच्या आहेत या," त्या म्हणाल्या. "चौऱ्याहत्तर साली मी काढल्या. टाकून द्यायला जीव झाला नाही."

ग्रिडली पत्रं म्हणजे आमच्या मंडळाचं नाक. डबा क्रमांक तीन. लोविना ग्रिडली नावाची एकोणीस वर्षांची मुलगी १८४५ साली इथलं शेत सोडून लोवेलच्या कापडगिरणीत माग चालवायला गेली. धाकटी बहीण हिटी घरीच राहिली. चार वर्षांत लोविनाने हिटीला चौसष्ट पत्रं लिहिली. त्याच साली टपालाचा आकार कागदांच्या संख्येवरून वजनावर आला होता, म्हणून लोविनाला एक युक्ती सुचली. ती बऱ्याचदा पत्राला कापडाचा तुकडा टाचून पाठवायची. तळहाताएवढा. दुकानात दिसलेली छापील चिटं, मैत्रिणीच्या झग्यातून उरलेलं, खोलीतल्या कुणाच्या तरी टोपीचं अस्तर. हिटी इथे बर्फात बसून ते हाताळायची.

१९७४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मिसेस पेल्टन यांनी ती पत्रं नीट लावली. जुने कागद जपण्याच्या त्या पिवळ्या पुस्तिकेत सांगितलं होतं तसंच. टाचण्या काढल्या. पत्रं तारखेने लावली. एकेक पत्र टाइप केलं. कापडाचे सगळे तुकडे काढून एका स्वच्छ पाकिटात भरले आणि वर लिहिलं: "कापड, ३७." कुठला तुकडा कुठल्या पत्राचा, हे मात्र लिहिलं नाही, कारण पुस्तिकेत तसं लिहा असं लिहिलेलं नव्हतं.

अशी चूक आळशी माणसाच्या हातून होत नाही. आळशी माणसाने पत्रं होती तशी ठेवली असती.

*

डबा ३, फोल्डर ९. पत्र, ११ ऑक्टोबर १८४६. टाइप केलेल्या प्रतीतून:

"या खेपेला टाचलेल्या तुकड्याला ना रंग ना फूल. कोरा मांजरपाट आहे, धुतलेलासुद्धा नाही. पण हिटी, हा मी विणला. खिडकीजवळच्या मागावर, मंगळवारी सकाळी. मुकादमाने ठाणाच्या शेवटाचा तुकडा कापून हातात दिला आणि म्हणाला, घे, घरी दाखव. तर दाखवतेय. बाकीचे सगळे तुकडे दुसऱ्यांचे. हा माझा."

*

"आता पाकीट उघड," मिसेस पेल्टन म्हणाल्या.

मला पाकीट उघडायची गरज नव्हती. त्यातले तुकडे मला पाठ आहेत. वादळी निळा. पिवळ्यावर काळे ठिपके. पाच तपकिरी, कारण लोविनाला तपकिरी फार आवडायचा. गुलाबी वेल. मांजरपाट नाही.

"मला वाटायचं तो आपल्याकडे आलाच नाही," मी म्हणाले.

"आला होता. पत्राला दोन भोकं आहेत, बघ. टाचणी होती म्हणजे तुकडा होता. आणि टाचण्या सगळ्या मीच काढल्या." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. "टाइप करताना हे वाक्य आलं. मी पाकीट पालथं केलं. टेबलाखाली वाकून बघितलं. मग आठवलं. आदल्या दिवशी मी इथे व्हॅक्यूम क्लीनर फिरवला होता, आणि नळीत काहीतरी गेलं होतं. गप् असा आवाज झाला होता."

"पिशवी बघितलीत?"

"पिशवी सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेली होती."

"कुणाला सांगितलंत?"

"आत्ता. तुला."

यंत्राने ढेकर दिली. या वेळी मी दचकले.

"चार वर्षांत त्या पोरीने एकच वस्तू 'माझी' म्हणून पाठवली," त्या म्हणाल्या, "आणि मी ती केर म्हणून फेकली. एकोणपन्नास वर्षं झाली, ग्वेन. कुठेही मांजरपाटाची पिशवी दिसली तरी मी मान फिरवते. जायच्या आधी मला हे सदतीस तुकडे आपापल्या पत्रापाशी परत न्यायचे आहेत. आणि अडतिसावा नोंदीत माझ्या नावावर लिहायचा आहे. 'इर्मा पेल्टन यांच्या हातून हरवला.' असं, स्पष्ट."

"तसं लिहायची काही गरज—"

"अक्षर सुवाच्य काढ म्हणजे झालं."

आमच्याकडे नोंद एकदा झाली की खोडत नाहीत. पुढचं काही कळलं तर खाली जोडतात, पण वरचं राहतं. दोनशे वर्षांनी कुणी डबा तीन उघडला असता तर त्याला या बाईबद्दल एवढं एकच वाक्य सापडलं असतं. आणि ते लिहिणारी मी असते, त्यांनीच शिकवलेल्या अक्षरात.

*

टाचणी कागदात एकदा शिरते आणि एकदा बाहेर येते. म्हणून भोकं दोन. कापडातून तीच टाचणी गेलेली असते, म्हणून कापडातही दोन. कापडाचे धागे नंतर सरकतात, भोकं बुजतात, पण गंज राहतो: दोन बारीक तपकिरी ठिपके. आणि जिथे कापड शंभर-सव्वाशे वर्षं कागदावर बसून होतं तिथे कागद कमी पिवळा पडलेला असतो, कापडाच्याच आकाराचा.

तर काम असं. पारदर्शक पातळ तावाखाली तुकडा ठेवायचा, गंजाच्या दोन ठिपक्यांवर मेणपेन्सिलीने खुणा करायच्या, मग तो ताव एकेका पत्रावर ठेवून बघायचा. दोन्ही खुणा दोन्ही भोकांवर बसल्या आणि फिकट चौकोनही जुळला, की जोडी लागली.

पहिल्या दिवशी एक लागली. वादळी निळा, आणि तोही लोविनाने नाव लिहिलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तीन.

तिसऱ्या दिवशी एकही नाही, आणि मिसेस पेल्टन यांनी मला दोनदा 'बाक सोडून उभी राहा' या आवाजात 'ग्वेन' म्हटलं.

*

फोल्डर ४. पत्र, १९ मार्च १८४६. तुकडा १४, पिवळ्यावर काळे ठिपके. भोकांमधलं अंतर गव्हाच्या दाण्याएवढं.

हे मी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात: "कुठल्या गव्हाच्या? पाव इंचाला किंचित कमी."

*

ऑरिन शनिवारी येतो. ऑरिन म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. हिवाळ्यात गावचा बर्फ ढकलतो, उरलेलं वर्ष गप्पा ढकलतो. वय सत्तर. तो मिसेस पेल्टन यांच्या अगदी पहिल्या वर्गातला विद्यार्थी. शनिवारी तो सफरचंदाच्या रसातले डोनट घेऊन येतो, कागदी पिशवीत, गरम. खाणं आत आणायला बंदी आहे. दाराच्या उंबऱ्यापाशी मी जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली आहे. ऑरिन त्या पट्टीला बुटांची टोकं लावून बाहेर उभा राहतो आणि आत बोलतो.

"काय मिसेस पेल्टन, किती झाले?"

"एकोणीस. साखर झटक, ऑरिन. आत उडेल."

"मी म्हणतो, हे काम चौऱ्याहत्तर साली माझ्यावर सोपवलं असतं ना, तर मी काहीच केलं नसतं. पत्रं जशीच्या तशी राहिली असती. आज चौकात माझा पुतळा असता."

"तुझ्यावर सोपवलं असतं तर तू पत्रांवर कॉफी सांडली असतीस."

"तीही आता ऐतिहासिक झाली असती."

मिसेस पेल्टन हसल्या नाहीत, पण पुढचा तुकडा त्यांनी जरा हलक्या हाताने उचलला.

"तुला काम हवंय?" मी ऑरिनला म्हटलं. "बाहेरच्या टेबलावर बस, हात पूस आणि या टाचण्या मोज."

त्याने मोजल्या. मोठ्याने, एकेक, जशा चौथीत मोजल्या असत्या. सदतीस.

"पुन्हा मोज," मिसेस पेल्टन आतून म्हणाल्या.

पुन्हा सदतीस.

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुकडे सदतीस, टाचण्या सदतीस. तुम्ही अडतिसावी टाचणी काढली असती तर डब्यात असती."

"कापडासकट नळीत गेली असेल."

"तुम्ही आधी टाचणी काढत होतात, मग कापड."

"मी तेहतीस वर्षांची होते, उकाडा होता, आणि रेडिओ चालू होता. एखादी सुटली असेल." त्या ताव उचलून प्रकाशात धरत होत्या. "मला सूट देऊ नकोस. मी तुला कधी दिली नाही."

हे खरं होतं. 'क' म्हणजे 'क'.

*

पाच तपकिरी तुकड्यांना दोन आठवडे लागले.

त्यातला शेवटचा सात ऑक्टोबरला, शनिवारी, दुपारी लागला. लोविनाने त्या पत्रात लिहिलं होतं: "आणखी एक तपकिरी. तू चिडशील, पण हा वेगळा आहे." तो वेगळा नव्हता. पण भोकं जुळली, चौकोन जुळला, आणि मिसेस पेल्टन यांनी पेन्सिल कानामागे खोचली. चाळीस वर्षं मुलांना त्यांनी हे करू दिलं नव्हतं.

टेबलावर सदतीस जोड्या होत्या. प्रत्येक पत्राशेजारी पातळ कागदाच्या घडीत त्याचा तुकडा. आणि कडेला एकटं, ११ ऑक्टोबर १८४६.

मी ते पत्र खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवलं. इतक्या दिवसांत मी ते एकदाही काचेवर ठेवलं नव्हतं, कारण जुळवायला काही नव्हतंच.

"मिसेस पेल्टन, इकडे बघा."

"बघितलंय. दोन भोकं."

"भोकं बघू नका. भोकांच्या कडा बघा."

त्या वाकल्या. कडा स्वच्छ होत्या. तपकिरी नाही, हिरवट नाही, काही नाही. जणू काल टोचलं. आजूबाजूचा कागदही एकसारखा पिवळा. फिकट चौकोन कुठेच नव्हता.

"ही टाचणी सव्वाशे वर्षं इथे असती तर डाग पडला असता," मी म्हणाले. "सदतीसच्या सदतीस पत्रांवर पडलाय. ही फार थोडे दिवस होती. तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी ती काढली."

मिसेस पेल्टन यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बाहेर ऑरिनने चावणं थांबवलं.

"नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "एखादी टाचणी चांगली कल्हई केलेली असू शकते. तिला गंज चढत नाही."

"आणि चौकोन?"

"मांजरपाट धुतलेला नव्हता. त्यात रंग नाही. काय डाग पडणार?"

"डाग नाही, सावली पडते. पांढऱ्या तुकड्यांचीही पडलीये."

"ग्वेन." त्या सरळ झाल्या. "तुला मी सुटावं असं वाटतंय म्हणून तुला तसं दिसतंय. मलाही दिसतंय. दोघींनाही हवं तेच दिसत असेल तर तो पुरावा नव्हे. लिही नोंद."

"मंगळवारी लिहिते."

"आज का नाही?"

"आज बंद करायची वेळ झाली."

पाऊण तास बाकी होता. घड्याळ त्यांच्या डोक्यावरच होतं. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी माफ केलं.

*

रविवारी मी घरी कपड्यांच्या घड्या घालताना लक्षात आलेलं, जसं आलं तसं:

टाचणी लवकर निघाली तर ती हिटीनेच काढली.

हिटीने काढली तर तुकड्याचं तिने काहीतरी केलं.

केलं तर लोविनाला कळवलं.

आणि लोविना कुठल्याही गोष्टीवर गप्प बसणारी नव्हे.

*

हिटीची पत्रं आपल्याकडे नाहीत. लोवेलच्या वसतिगृहात कुठे गेली कोण जाणे. पण लोविनाची आहेत. दहा ऑक्टोबरला, मंगळवारी, मी दार उघडलं आणि दिवा लावायच्या आधी टाइप केलेल्या प्रती काढल्या. नोव्हेंबर १८४६: सर्दी, नवा घाट असलेली टोपी, एका मुलीचं लग्न. डिसेंबर: पगारी सुट्टी नाही, घरच्या भोपळ्याच्या पायची आठवण. जानेवारी १८४७: हवा, खोलीतली शेगडी, चार माग सांभाळताना होणारी धांदल, आणि शेवटी टाइपरायटरवर कंसात एक ओळ.

"(पुढचा मजकूर पानावर आडवा लिहिला आहे. वाचलेला नाही. इ. पे., ३० ऑगस्ट १९७४.)"

मी मूळ पत्र काढलं. त्या काळी कागद वाचवायला लोक पान भरलं की ते पाव वळण फिरवून आधीच्या ओळींवरून आडव्या ओळी लिहायचे. दिसायला ते पत्र नव्हे, चौकडीचं कापड दिसतं.

मिसेस पेल्टन आल्या, हात धुतले, पेन्सिल हातात घेतली. नोंदीच्या तयारीने. मी त्यांच्यासमोर त्यांचीच टाइप केलेली ओळ ठेवली.

त्यांनी वाचली. कान लाल झाले.

"मंगळवारी शाळा उघडणार होती," त्या म्हणाल्या. "वर्गात रंग द्यायचा राहिला होता."

"आम्ही गृहपाठ अर्धा ठेवला की तुम्ही—"

"मी काय करायचे ते मला माहीत आहे."

"मधल्या सुट्टीत बसवून पुरा करून घ्यायचात."

"दे इकडे."

मी म्हटलं, फोटो काढते, पडद्यावर मोठा करू, उभ्या ओळी पुसट करता येतात. त्यांनी ऐकलंच नाही. पत्र फोमच्या उशीवर ठेवलं, उशीच पाव वळण फिरवली, आणि चष्मा नाकावर खाली ओढला.

"रेघ धर, बाकीचं तिथे नाहीच असं समज," त्या पुटपुटल्या. हे वाक्य मी चौथीत शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्या वहीबद्दल असायचं.

मग त्या वाचू लागल्या. पहिली ओळ अडखळत. दुसरी कमी. तिसरीपासून लोविनाच बोलायला लागली.

"हिटी, तू दुष्ट आहेस. मी माझं कापड जपून ठेवायला पाठवलं आणि तू ते बाबांच्या सदऱ्याच्या कोपराला लावलंस. वर लिहितेस की बाकीच्या रंगीत तुकड्यांचं ठिगळ बाबांना शोभलं नसतं. आधी मी इतकी रागावले की खोलीतल्या मुलींना वाटलं घरी कुणी गेलं. मग जेवायची घंटा झाली. आमच्या टेबलावर आम्ही बावीस जणी. बटाटे पुढे सरकवताना मनात आलं, या वेळी बाबाही जेवायला बसले असतील. म्हणजे माझं कापड आपल्या टेबलावर आहे. मी दोन वर्षांत बसले नाही तिथे ते रोज बसतं. तेव्हा आईला सांग, बाबांना निदान तेवढं एक कोपर टेकू दे. ते माझं आहे. आणि टाचणी परत पाठव, इथे त्या फार..."

मिसेस पेल्टन थांबल्या.

"फार काय?" बाहेरून ऑरिन म्हणाला. मंगळवार होता, तो मंगळवारी येत नाही. पट्टीला बूट लावून कधीपासून उभा होता कुणास ठाऊक.

"कागद संपला," मिसेस पेल्टन म्हणाल्या. "महाग असणार. किंवा वाईट. तिला जागा पुरली नाही."

त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा वाचलं, मनात, बोटाऐवजी लाकडी पट्टीची कड ओळीखाली सरकवत. आपल्याला हवं तेच तर वाचलं नाही ना, हे त्या तपासत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र माझ्याकडे फिरवलं.

"तू वाच. मी सांगितलेलं विसर आणि वाच."

मी वाचलं. कोपर. टेबल. टाचणी. 'क' मिळालेल्या मुलीलाही अक्षर लागलं.

"तेच आहे," मी म्हणाले.

"दुष्ट कुठली," मिसेस पेल्टन म्हणाल्या. हिटीला. आणि हसल्या. दात दिसतील असं त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. पुढच्या एका दाताला छोटीशी फट आहे.

"मिसेस पेल्टन, डोनट?" ऑरिन म्हणाला. "आजचे कालचे आहेत, पण आहेत."

त्या पट्टी ओलांडून बाहेर गेल्या. बाहेरच्या टेबलाशी बसल्या, पिशवीतून एक डोनट घेतला, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, साखर कुठे सांडतेय ते न बघता, पुरा खाल्ला. ऑरिन बघतच राहिला. मग त्यानेही हळूच एक कोपर टेकलं, मार बसतो का ते आजमावत असल्यासारखं.

"दोन्ही टेक," त्या म्हणाल्या. "आज चालतं."

*

डबा ३, फोल्डर ९. पत्र, ११ ऑक्टोबर १८४६. सोबत टाचलेला तुकडा (कोरा मांजरपाट, लोविना ग्रिडली हिने स्वतः विणलेला) हिटी ग्रिडली हिने जानेवारी १८४७ पूर्वी काढून वडिलांच्या सदऱ्याच्या कोपराला लावला. पाहा: फोल्डर १०, आडवा मजकूर. वाचन: इर्मा पेल्टन.

डबा ३, फोल्डर २०. टाचण्या, ३७. कॉफीच्या डब्यात.

दुसरी नोंद बघून त्या म्हणाल्या, "माझा डबा कशाला? चांगली बाटली आण."

"तो आता संग्रहाचा भाग आहे. बदलता येत नाही."

"पोचा आलाय त्याला."

"पोच्याचीही नोंद करते."

पहिल्या नोंदीतल्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचं बोट जरा वेळ होतं. "'पेल्टन'चा प छान काढलास," त्या म्हणाल्या. माझ्याकडून एवढ्या वर्षांत निघालेला हा पहिला चांगला प असावा.

चौदा तारखेला ट्रक आला. पियानो ऑरिनने नेला; त्याला वाजवता येत नाही, पण फुकट होता. मिसेस पेल्टन लेकीच्या गाडीत पुढे बसल्या, काच खाली केली आणि म्हणाल्या, "मला पत्र लिही. हाताने. आणि त्यात काही टाचू नकोस."

"नाही टाचणार, इर्मा," मी म्हणाले.

गाडी निघाली होती. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, पण खिडकीतून एक कोपर बाहेर आलं आणि वळणापर्यंत तसंच होतं.

*

आमच्या मंडळाने पहिला व्हॅक्यूम क्लीनर मे १९७९ मध्ये घेतला. तोपर्यंत तळघर झाडूने झाडत असत.